आवृत्त्यांचा मेळ

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला भिवंडी, जवळच सरवलीची एमआयडीसी आणि रस्त्यावर कंटेनर-ट्रकची रांग. इथल्या मुलाने संध्याकाळच्या शिकवणीसाठी कल्याणला जायचं ठरवलं, तर त्याच्या अभ्यासाचा मोठा वाटा वाहतूक कोंडीतच जाईल. ज्या गावांतून शिकायला जाणं जिकिरीचं आहे, तिथे ऑनलाइन वर्गाची किंमत शहरातल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणूनच तो वर्ग बंद पडला तर नुकसानही तिथेच जास्त होतं.

समजा, कोनमधल्या एका शिकवणी वर्गाने जून २०२० मध्ये, शाळांना कुलूप असताना, स्वतःचा ऑनलाइन वर्ग उभा केला. त्यासाठी 'मूडल' निवडलं. ते फुकट मिळतं आणि त्यात धडे, चाचण्या, गृहपाठ, गुणपत्रक असं सगळं एका जागी असतं. त्याच महिन्यात मूडलची ३.९ ही आवृत्ती आली होती, ती बसवली. सर्व्हरवरची थोडी जागा एका होस्टिंग कंपनीकडून वर्षाच्या भाड्याने घेतली. शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही मुलं रात्री सराव चाचण्या सोडवत राहिली. मग एके दिवशी सकाळी पत्ता टाकला, तर समोर नुसतं पांढरं पान. ना धडे, ना चाचण्या, ना चूक सांगणारा संदेश. सरांनी शपथेवर सांगावं की आम्ही कशालाही हात लावलेला नाही, आणि ते खरंच असावं.

अशा वेळी पहिला संशय 'हॅक झालं' असा येतो. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. होस्टिंग कंपनीने तिच्याकडची एक प्रणाली नव्या आवृत्तीवर नेलेली असते आणि वरचं मूडल मात्र जुनंच असतं. दोघांचं जमत नाही, एवढंच. हे जमेनासं का होतं, ते कसं ओळखायचं आणि कायमचं कसं निस्तरायचं, हे या प्रकरणात पाहू.

एका पानाखालचे थर

विद्यार्थ्याला मोबाइलवर एकच पान दिसतं, पण त्याच्याखाली निदान पाच थर असतात. सगळ्यात खाली लिनक्स ही कार्यप्रणाली. तिच्यावर अपाचेसारखा वेब सर्व्हर, म्हणजे मागणी आली की पान पाठवणारा. बाजूला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस. त्यात मुलांची नावं, उत्तरं, गुण साठतात. मग पीएचपी ही भाषा, जिच्यात मूडल लिहिलेलं आहे. तिच्यावर मूडल, आणि मूडलवर प्लगइन, म्हणजे हजेरी किंवा प्रमाणपत्रासारख्या सोयींचे जोडभाग.

हे थर एका घरचे नाहीत. लिनक्स लिनस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये सुरू केलं. पीएचपी रास्मस लेर्डॉर्फने १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवलं. मूडलची पहिली पूर्ण आवृत्ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामासने ऑगस्ट २००२ मध्ये काढली. प्लगइन तर जगभरातले शिक्षक आणि प्रोग्रामर आपापल्या सवडीने लिहितात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. मूडल साधारण दर सहा महिन्यांनी, आता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती काढतं. पीएचपीची नवी आवृत्ती वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरमध्ये येते. प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असतं. ते संपलं की तिच्यात सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत.

भिवंडीत मागाची गोष्ट निघाली की हे पटकन समजतं. फणी जितक्या बारीक घरांची, तितकंच बारीक सूत तिच्यातून जातं. सूत जाड आलं आणि फणी तीच राहिली तर धागे तुटत राहतात. सूत चांगलं असतं, फणीही चांगली असते, फक्त ती एकमेकांसाठी नसतात. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचं भांडण नेमकं असंच आहे. म्हणून 'बिघाड कोणत्या भागात आहे' असं विचारून फारसं हाती लागत नाही. 'कोणत्या दोन भागांमध्ये आहे' असं विचारावं लागतं.

आता एक तारीख पाहा. पीएचपी ७.४ चं आयुष्य २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपलं. त्याच दिवशी मूडल ४.१ बाहेर आलं आणि त्याला चालण्यासाठी किमान पीएचपी ७.४ हवं होतं. एकाच दिवशी एका थराचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. त्यानंतरच्या महिन्यांत होस्टिंगवाले जुनं पीएचपी काढून ८ च्या मालिकेतलं बसवू लागले. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच होतं. पण मूडल ३.९ हे पीएचपी ७.२ ते ७.४ याच पट्ट्यात चालण्यासाठी केलेलं. कोनच्या आपल्या वर्गाखालची जमीन अशी सरकली.

पीएचपी ८ ने नेमकं काय बदललं

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० ने भाषेला शिस्त लावली. यादीत किती गोष्टी आहेत हे मोजायला सांगितलं आणि यादीच नसेल, तर पीएचपी ७.४ नुसती ताकीद देऊन पुढे जायचं. ८.० मध्ये तिथेच काम थांबतं. अक्षरमाळेतलं एखादं अक्षर महिरपी कंसाने काढायची जुनी पद्धत ७.४ मध्ये नको म्हणून सांगितली होती. ८.० ने ती भाषेतूनच काढून टाकली. ज्या फाइलमध्ये असा एक जरी कंस राहिला, ती फाइल वाचलीच जात नाही.

सगळ्यात फसवा बदल तुलनेचा आहे. शून्य हा आकडा आणि 'अबक' असा एखादा शब्द समान आहेत का, असं सैल तुलनेत विचारलं तर जुनं पीएचपी 'हो' म्हणायचं. ८.० पासून उत्तर 'नाही' असं येतं. इथे पान पांढरं होत नाही आणि कसला संदेशही येत नाही. फक्त एखादी अट उलटी लागते. जुन्या प्लगइनमध्ये गुण मोजताना अशी तुलना असेल, तर वर्ग चालू राहील आणि आकडे चुकतील. बंद पडलेला वर्ग सगळ्यांना दिसतो. चुकीचा गुण मात्र कुणी तपासल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आवृत्ती बदलल्यावर 'साइट उघडली' एवढ्यावर समाधान मानू नये. एक चाचणी स्वतः सोडवून, हाताने गुण मोजून ताळा करून पाहावा.

घोडं कुठे पेंड खातंय

पांढरं पान आलं की घाईघाईने काहीतरी नवीन बसवायचा मोह होतो. तो आवरावा. आधी बिघाडाची मर्यादा ठरवावी. वर्ग सगळ्यांनाच उघडत नाही की काही जणांनाच? एकाच मुलाच्या जुन्या मोबाइलवर अडत असेल, तर दोष त्याच्या ब्राउझरच्या किंवा ॲपच्या आवृत्तीत शोधावा. सगळ्यांचंच अडलं असेल तर सर्व्हरकडे वळावं. पान उघडतं पण चाचणीच सुरू होत नाही, असं असेल तर संशयित प्लगइन.

पांढऱ्या पानामागे संदेश असतोच, पण तो परक्यांना दिसू नये म्हणून दाबून ठेवलेला असतो. तो सर्व्हरच्या 'एरर लॉग' या नोंदवहीत सापडतो. तिथला शेवटचा परिच्छेद शांतपणे वाचावा. त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. फाइलच्या मार्गात 'मॉड' किंवा 'ब्लॉक्स' या फोल्डरनंतर ओळखीच्या प्लगइनचं नाव दिसलं, तर गुन्हेगार तिथेच मिळाला. मार्ग मूडलच्या मुख्य 'लिब' फोल्डरचा असेल तर भांडण बहुधा मूडल आणि पीएचपी यांच्यात आहे.

मग कागद घ्यावा आणि पाच आकडे लिहावेत: कार्यप्रणालीची आवृत्ती, डेटाबेसची, पीएचपीची, मूडलची आणि प्रत्येक प्लगइनची. मूडल आणि प्लगइन यांच्या फोल्डरमध्ये 'व्हर्जन' नावाची छोटी पीएचपी फाइल असते. ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. प्लगइनच्या या फाइलमध्ये त्याला मूडलची निदान कोणती आवृत्ती लागते हे लिहिलेलंच असतं. काहींमध्ये कुठपासून कुठपर्यंत चालेल हेही असतं. हे पाच आकडे मूडलच्या प्रत्येक आवृत्तीसोबत छापलेल्या गरजांच्या यादीशी ताडून पाहिले, की निम्मं निदान तिथेच होतं.

यानंतर वर्ग त्याच दिवशी चालू करावा. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडायची सोय असते. तिथे पुन्हा ७.४ निवडलं की बहुधा पान परत येतं. हा तात्पुरता टेकू आहे. आयुष्य संपलेल्या पीएचपीवर मुलांची माहिती फार दिवस ठेवणं धोक्याचं. पण त्यामुळे उद्याची चाचणी वाचते आणि पुढचं काम घाबरून नाही, ठरवून करता येतं.

इथे एक खाच आहे. मूडलला दर मिनिटाला मागच्या मागे चालणारं एक काम लागतं, त्याला 'क्रॉन' म्हणतात. आठवणीचे मेल पाठवणं आणि इतर साचलेली कामं उरकणं हे त्याच्याकडे असतं. क्रॉन बहुधा सर्व्हरचं वेगळं पीएचपी वापरतं. वेबसाठी ७.४ निवडलं तरी क्रॉनच्या आज्ञेत ८ तसंच राहू शकतं. मग वर्ग वरून ठणठणीत दिसतो, पण मेल जात नाहीत आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पीएचपीची आवृत्ती दोन्हीकडे तपासावी.

पायरी-पायरीने वर

आता खरी दुरुस्ती. मूडल ३.९ वरून ४.५ वर जायचं आहे. ४.५ ही ऑक्टोबर २०२४ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती, म्हणजे जिला सुरक्षेच्या दुरुस्त्या तीन वर्षं मिळतात. एकदम उडी मारता येत नाही. ४.५ ला किमान पीएचपी ८.१ लागतं, ३.९ तर ७.४ च्या पुढे चालत नाही. ४.५ ला डेटाबेस मायएसक्यूएल ८.० हवा, आणि कोनच्या वर्गाकडे समजा ५.७ आहे. शिवाय ४.५ वर येण्यासाठी आधीचं मूडल निदान ४.१.२ असावं लागतं.

वाट निघते ती मधल्या ४.१ मुळे. मूडल ४.१ पीएचपी ७.४ वरही चालतं आणि ८.१ वरही. मायएसक्यूएल ५.७ वरही चालतं आणि ८.० वरही. म्हणजे ते दोन्ही तीरांवर पाय ठेवू शकतं. म्हणून क्रम असा लागतो. पीएचपी ७.४ आणि मायएसक्यूएल ५.७ तसंच ठेवून मूडल ३.९ वरून ४.१ च्या शेवटच्या दुरुस्त आवृत्तीवर न्यायचं. वर्ग चालतो का पाहायचं. मग फक्त पीएचपी ८.१ करायचं. पुन्हा पाहायचं. मग डेटाबेस ८.० वर न्यायचा. पुन्हा पाहायचं. सगळ्यात शेवटी मूडल ४.५. एका वेळी एकच थर हलवायचा, आणि हलवण्याआधी त्याचे वरचे-खालचे शेजारी नव्या आवृत्तीला राजी आहेत याची खात्री करायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे सांगता येत नाही.

मूडलने यासाठी चांगली सोय केली आहे. व्यवस्थापकाच्या पानावर 'सर्व्हर' विभागात 'एन्व्हायर्नमेंट' असा दुवा असतो. तिथे जायची आवृत्ती निवडली, की आपल्या सर्व्हरवर काय ठीक आहे आणि काय कमी आहे याची यादी समोर येते. काम सुरू करण्याआधी ही यादी पूर्ण हिरवी व्हायला हवी.

हे सगळं आधी प्रतिकृतीवर करायचं, चालत्या वर्गावर नाही. त्यासाठी तीन गोष्टींची प्रत लागते: मूडलचा कोड, 'मूडलडेटा' हे मुलांच्या फाइलींचं फोल्डर आणि डेटाबेस. यातली एक जरी राहिली तर बॅकअप अपुरा. डेटाबेस घेतला आणि 'मूडलडेटा' विसरला, तर गृहपाठांची यादी परत येते, गृहपाठ येत नाहीत. प्रतिकृती उभी केल्याबरोबर तिच्या 'कॉन्फिग' फाइलमध्ये मेल पूर्ण बंद करणारी ओळ घालावी. ती विसरली, तर प्रतिकृतीतलं क्रॉन जागं होऊन खऱ्या मुलांना आणि पालकांना जुन्या चाचण्यांच्या आठवणी पाठवू लागतं.

नवा कोड जुन्या फोल्डरवरच उलगडायचा नाही. नव्या आवृत्तीत काढून टाकलेल्या फाइली जुन्या फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात आणि पुढे भलत्याच जागी अडथळा आणतात. जुनं फोल्डर बाजूला ठेवावं, नवं शेजारी उघडावं आणि त्यात जुनी 'कॉन्फिग' फाइल व तपासून घेतलेले प्लगइन तेवढे आणावेत. आणि हे पक्कं लक्षात ठेवावं की मूडलची आवृत्ती वाढली की डेटाबेसची रचनाही बदलते. त्यानंतर जुना कोड परत ठेवला तरी मूडल मागे यायला नकार देतं. मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वरही सरळ उतरता येत नाही. परतीची वाट एकच, ती म्हणजे आधी घेतलेली प्रत. ती प्रत खरोखर उघडते का, हेही प्रतिकृती उभी करताना आपोआप तपासलं जातं.

मराठी मजकूर कुठे अडतो

डेटाबेस बदलताना मराठी वर्गाला एक खास जोखीम असते आणि तिच्यावर इंग्रजी मार्गदर्शिकांत पुरेसं बोललेलं नसतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' या नावाने जी सोय बरीच वर्षं होती, ती एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट द्यायची. देवनागरी त्यात जेमतेम बसायची, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. मग मुलं उत्तराच्या शेवटी हात जोडल्याचं इमोजी टाकू लागली. इमोजीला चार बाइट लागतात. डेटाबेस ते घेत नाही आणि मुलाचं सगळं उत्तर साठायचं राहतं. मुलाला वाटतं नेट गेलं.

चार बाइट लागणारी आपली एक लिपीही आहे, मोडी. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत जागा मिळाली, ती चार बाइटांच्या पट्ट्यात. म्हणजे जुन्या रचनेच्या डेटाबेसवर कुणी मोडी वाचनाचा वर्ग काढला, तर देवनागरीतला मजकूर साठेल आणि मोडीतलं एक अक्षरही साठणार नाही. यावर उपाय 'यूटीएफ८एमबी४' ही चार बाइटांची रचना. ती मायएसक्यूएलमध्ये ५.५ च्या मालिकेपासून आहे आणि ८.० पासून मुळातच लागू असते. जुना डेटाबेस त्या रचनेत आणण्यासाठी मूडलसोबत एक तयार आज्ञाफाइल येते. ८.० वर जायच्या कामातच हे रूपांतर उरकून घ्यावं.

डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना मजकूर दोन तऱ्हांनी बिघडतो आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. मराठीच्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं दिसली, तर घाबरू नये. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जाताहेत. पद्धत दुरुस्त केली की मजकूर परत येतो. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठली असेल, तर मूळ बाइट पुसले गेले आहेत. ती उत्तरं फक्त बॅकअपमधून मिळतील. म्हणून स्थलांतर झाल्यावर सगळ्यात आधी मराठी नावांची यादी उघडून पाहावी. 'ऱ्हस्व', 'ज्ञानेश्वरी', 'दुसऱ्या' असे शब्द नीट दिसतात का ते बघावं. आणि प्रश्नचिन्हं दिसली, तर पुढे एकही पाऊल टाकू नये. त्यावर नवी माहिती साठू लागली की परतणं अवघड होतं.

पवईतली चांगली सवय

आवृत्त्यांशी प्रामाणिक राहायचं म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण कोनपासून दूर नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे दृक्‌श्राव्य पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. यातल्या पाठांची सुरुवात एका पट्टीने होते: हा पाठ ध्वनिमुद्रित करताना कोणती कार्यप्रणाली आणि कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली. मूडलवरच्या मालिकेत उबुंटू १६.०४ आणि मूडल ३.३ अशा नोंदी आहेत.

नवख्या विद्यार्थ्याला ही पट्टी कंटाळवाणी वाटते आणि तो ती पुढे ढकलतो. तिची किंमत काही वर्षांनी कळते. मूडल ३.३ हे २०१७ चं, पीएचपी ५.६ ते ७.१ साठीचं. आज कुणी ते पाठ लावून 'झॅम्प' हा तयार सर्व्हर-संच उतरवला, तर त्यात पीएचपी ८ येतं आणि पाठातलं मूडल चालत नाही. विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. पण दोष त्याच्याकडे नाही. पाठाच्या सुरुवातीला लिहिलेले आकडे वाचले की कोडं सुटतं. ज्या पाठात आकडेच नाहीत, तिथे तो मुलगा स्वतःलाच बोल लावून सोडून देतो. शिकवणाऱ्याने दोन ओळी लिहून ठेवल्या, तर वर्षानुवर्षं येणाऱ्या शिकाऊंचा धीर टिकतो.

आयआयटी मुंबईचंच 'आयआयटीबॉम्बेएक्स' हे व्यासपीठ 'ओपन एडएक्स' या मुक्त प्रणालीवर उभं आहे आणि ती प्रणाली पायथॉन भाषेत लिहिलेली आहे. पायथॉन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. ते पायथॉन २ शी पूर्ण जुळणारं नव्हतं. जगभरच्या कार्यक्रमांना वळायला वेळ मिळावा म्हणून जुनं पायथॉन १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळलं गेलं. ओपन एडएक्सची पायथॉन ३ वर आलेली पहिली आवृत्ती, 'ज्युनिपर', जून २०२० मध्ये आली. जगातल्या मोठमोठ्या संस्थांनाही एका भाषेच्या दोन आवृत्त्यांमधला पूल ओलांडायला दशकाहून जास्त लागलं. तेव्हा कोनमधल्या एखाद्या शिक्षकाला हे काम जड वाटलं तर त्यात कमीपणा काहीच नाही. काम खरोखरच जड आहे, फक्त त्याची रीत ठाऊक झालेली आहे.

पुन्हा अडू नये म्हणून

थर जितके जास्त, तितकी परावलंबने लपलेली असतात. २२ मार्च २०१६ रोजी 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघा ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि त्याच्यावर नकळत विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. अशा लपलेल्या धोक्यांवर दोन सवयी उपयोगी पडतात. एक म्हणजे 'लॉक फाइल': कार्यक्रमाला लागणाऱ्या प्रत्येक भागाची नेमकी आवृत्ती लिहून गोठवणारी यादी. दुसरी म्हणजे कंटेनर: भाषा, जोडभाग आणि कार्यक्रम यांचा एकमेकांशी जुळलेला संच एकाच बंद पुडक्यात. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'ने ही पद्धत सर्वदूर नेली. ओपन एडएक्स आज 'ट्यूटर' या साधनाने असंच बसवतात. सर्व्हरवर इतर काहीही बदललं तरी पुडक्यातला मेळ तसाच राहतो. मात्र पुडकंही जुनं होतं. ते अधूनमधून नवं बांधावंच लागतं.

लहान वर्गाला एवढं सगळं लागत नाही. एक वही पुरते. तिच्यात पाच थरांच्या आवृत्त्या, प्रत्येकीचं आयुष्य संपण्याची तारीख, शेवटच्या बॅकअपचा दिवस आणि केलेला प्रत्येक बदल लिहावा. होस्टिंगवाल्यांचे मेल ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता कुणीतरी खरोखर वाचत असावा. आवृत्ती बदलणार असल्याची सूचना बहुधा आधी आलेली असते, पण ती जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. प्लगइन मोजकेच ठेवावेत. ज्याच्या लेखकाने दोन-तीन वर्षांत काही दुरुस्त केलेलं नाही, ते प्लगइन उद्याचा अडथळा आहे. मोठे बदल मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत करावेत, दहावी-बारावीच्या तोंडावर कधीही नाही. एप्रिलमध्ये आलेली कोरी आवृत्ती लगेच बसवण्यापेक्षा तिच्या पहिल्या एक-दोन दुरुस्त्या येऊ द्याव्यात.

आणि हे काम कुणाचं, हे आधीच ठरलेलं असावं. आपल्याकडे शाळा किंवा वर्ग ऑनलाइन व्यासपीठ उभं करताना उत्साहाने खर्च करतात. उद्‌घाटन होतं, पासवर्ड वाटले जातात. पुढच्या देखभालीसाठी मात्र ना माणूस नेमलेला असतो, ना तास, ना पैसे. संगणक येणाऱ्या एखाद्या शिक्षकावर ते आपसूक येऊन पडतं. त्याने रात्री जागून केलं तर कुणाला कळत नाही. राहिलं तर बोल मात्र त्यालाच लागतात. हे बदलायला हवं. सुटीतले दोन दिवस देखभालीसाठी वेळापत्रकात लिहिले पाहिजेत आणि ते काम करणाऱ्याच्या तासिकांमध्ये मोजले गेले पाहिजेत, जशी प्रयोगशाळेची मांडणी मोजली जाते. वर्गातली दोन हुशार मुलं या कामात सोबत घ्यावीत. एरर लॉग वाचणं, प्रतिकृती उभी करणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून ताळा घेणं, हे शिकलेलं मूल संगणकाचा कोणताही अभ्यासक्रम शिकलेल्या मुलाइतकंच तयार होतं. आणि त्या शिक्षकाची बदली झाली, तरी वर्ग सांभाळणारं कुणीतरी गावात राहतं.